ग्रिझेलचा हात

"हात दे, ग्रिझेल," पाळकसाहेब दुसऱ्यांदा म्हणाले.

ग्रिझेल वॉडल जागची हलली नाही. दोन्ही हात शालीखाली. समोर मॅथ्यू टॅगर्ट हात पुढे करून उभा होता. मागच्या बाकावर त्याची बायको इझबेल तान्ह्या मुलीला छातीशी धरून बसली होती. त्या पोरीची घरघर साऱ्या प्रार्थनाघरात ऐकू येत होती. बाहेर पाळकसाहेबांचा घोडा खोगीर चढवून तयार होता. पेनसिल्व्हेनियाच्या या रानात पाळक म्हणजे उंबराचं फूल. आज गेले की बर्फ वितळल्यावरच परत यायचे. तोवर ही पोर टिकेल असं कुणालाच वाटत नव्हतं. आणि हातात हात देऊन वाद मिटल्याशिवाय टॅगर्टच्या घरात बाप्तिस्मा होणार नव्हता. नियम म्हणजे नियम.

ह्यू गिलफिलनच्या अंगाचा तिळपापड होत होता. तो मंडळीचा पंच. मिटले नाहीत ते वाद दर तिमाहीला उपासनेआधी उभं राहून पुकारायचे, हे त्याचं काम. वर्षभर तो एकच वाद पुकारत आला होता. "ग्रिझेल वॉडल आणि मॅथ्यू टॅगर्ट. ग्रिझेलचा मुलगा निनियन वॉडल, याच्या मृत्यूवरून. मिटलेला नाही." मग दोघांनाही प्रभूच्या मेजाची, म्हणजे पवित्र भाकरी-द्राक्षारसाची, बंदी.

मागच्या पानगळीत घडलं होतं ते. निनियन आणि मॅथ्यू, दोघं जिवाभावाचे दोस्त, शिकारीला गेले. सकाळचं धुकं होतं. निनियनच्या अंगात हरणाच्या कातड्याचा सदरा. झुडूप हललं आणि मॅथ्यूने बंदूक झाडली. त्यानेच मग दोस्ताला खांद्यावर घालून आईच्या दारात आणलं. दुसऱ्या दिवशी माती दिली. आमच्यात मेलेल्यासाठी प्रार्थना नसते, प्रवचनात त्याचं नाव घेत नाहीत, थडग्यावर दगडही नाही. ती सगळी रोमच्या पोपला मानणाऱ्यांची थेरं. माती लोटली, टोप्या डोक्यावर घातल्या आणि सगळे घरी गेले.

मग ग्रिझेलने हात द्यायला नकार दिला. बरं, रागाने म्हणावं, तर तसंही दिसेना. मॅथ्यूने हिवाळ्यात तिच्या दारात लाकडं रचली, ती तिने जाळली. वसंतात त्याने तिचं शेत नांगरलं, तर तिने त्याला ताकाचा लोटा भरून दिला. इझबेल बाळंत झाली तेव्हा हिच्याच घरून रस्सा गेला. सगळं चालत होतं, फक्त हात तेवढा चालत नव्हता. ह्यूला तर ही बाई काही केल्या उमगत नव्हती. वाद पुकारायच्या दिवशी ही धुतलेली टोपी घालून सगळ्यात पुढच्या बाकावर येऊन बसायची. उन्हाळ्यात ह्यूचा घसा बसला होता, तर भर मंडळीत ओरडली, "मोठ्याने, ह्यू! मेल्या, तोंडात काय बटाटा धरलायस?" त्या बिचाऱ्या मॅथ्यूने मान खाली घातली ती वर केली नाही. त्या दिवसापासून ह्यूच्या मनातून ती बाई पार उतरली. दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आली की काहींना घास गोड लागतो, असं तो घरी बायकोला म्हणालाही.

"काकू," मागून इझबेलचा आवाज आला. तो रडवेला नव्हता, चिडलेला होता. "मॅथ्यूला शिक्षा करायची तर करा. जन्मभर करा. पण या पोरीने तुमचं काय घोडं मारलंय?"

"बाप्तिस्म्याविना गेली तरी लेकरू देवाचंच असतं, इझबेल," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"हे तुम्ही घोड्यावर बसून म्हणा, पाळकसाहेब. तिला मातीत मला ठेवायचंय."

ग्रिझेल वळली. तिने त्या पोरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओठ आवळले, सोडले, पुन्हा आवळले. ह्यूला वाटलं, आता ही उठून चालती होणार. तसं झालं तर पंचपणा गेला खड्ड्यात, आपण हिला दारात अडवायची, असं त्याने ठरवूनही टाकलं.

ग्रिझेलने शालीतून हात काढला आणि मॅथ्यूचा हात धरला.

मॅथ्यू लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. तिने दुसऱ्या हाताने त्याची पाठ थोपटली. "पुरे, बाळा, पुरे," म्हणाली. पाळकसाहेबांनी पाणी मागवलं. पोरीच्या कपाळावर पाणी पडलं, तशी ती घरघर थांबवून किंचाळली आणि सगळं प्रार्थनाघर हसलं. वर्षभराचं ओझं उतरलं होतं. इझबेलने ग्रिझेलचा गाल आपल्या गालाशी दाबून धरला.

लोक बाहेर पडू लागले. ग्रिझेल मात्र पुढच्या बाकापाशीच उभी राहिली.

"ह्यू," ती म्हणाली, "एकदा पुकार ना."

"काय पुकारू?"

"नेहमीचं."

ह्यूच्या कपाळावर आठ्या चढल्या. "आता कशाला? मिटलेला वाद पुकारत नाहीत, ग्रिझेल."

"ठाऊक आहे रे. म्हणून तर मिटवत नव्हते. माझ्या निनियनचं नाव या छपराखाली दुसरं कोण घेत होतं?"