वस्तऱ्याची पहिली दाढी

"वस्तराच घे, मशीन नको!" खुर्चीत बसल्या बसल्या निशिकांत न्हाव्याला म्हणाला. जन्मापासून त्याला जरा कापलं की रक्त थांबायचंच नाही. पण गेल्या महिन्यात एकच इंजेक्शन घेतलं आणि आजार पळाला! आज वस्तऱ्यानं हनुवटीवर चीर पडली, रक्त आलं आणि चक्क थांबलं. त्यानं लगेच गरोदर मुलीला, शर्वरीला, फोन लावला.

"बाबा, भारीच! म्हणजे माझ्या बाळालाही आता धोका नाही ना?"

निशिकांतचा चेहरा उतरला. इंजेक्शननं फक्त रक्त गोठवणारा घटक बनवणारं त्याचं यकृत दुरुस्त झालं होतं. त्याच्याकडून शर्वरीत आलेला जनुकातला बिघाड तिच्यात तसाच होता.

"आहे गं. मुलगा झाला तर निम्मी भीती आहेच," तो म्हणाला. "पण आता इंजेक्शन आहे. ते देताना त्याला मांडीवर घेऊन मी बसेन. फक्त लहानपणी मला सगळे म्हणायचे तसं 'पळू नकोस' असं त्याला कुणी म्हणायचं नाही, तूसुद्धा!"