फिल्मवरची डावी बाजू

मॅडमनी उजेडाच्या पेटीवर मेंदूची फिल्म अडकवली आणि विचारलं, "रक्त कुठल्या बाजूला साचलंय?"

"डावीकडे," तिनं सगळ्यांच्या आधी सांगून टाकलं.

मॅडम हसल्या. दरवर्षी कुणीतरी हे उत्तर देतंच, म्हणाल्या. फिल्म म्हणजे आपल्याला भेटायला आलेला माणूस समजा. तो समोरासमोर उभा आहे, पाठमोरा नाही. त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या हाताला येणार. म्हणजे फिल्मवर जे डावीकडे दिसतं, ते रोग्याचं उजवं.

एका टेबलाभोवती मावेल एवढाच वर्ग. कॉलेजच एवढंसं, की मेंदूच्या वर्गाची भिंत कवितेच्या वर्गाला लागून होती आणि निम्मी मुलं तास संपला की या दारातून निघून त्या दारात शिरत. दोघा मुलांनी एकमेकांसमोर उभं राहून मॅडमचं म्हणणं ताडून पाहिलं आणि हसले.

ती मात्र फिल्मकडेच बघत राहिली.

काल आईनं बाबांच्या मेंदूच्या फिल्मचा फोटो पाठवला होता. डावं-उजवं सांगणाऱ्या कडेच्या अक्षरावर आईचा अंगठा आला होता, पण गाठ स्वच्छ दिसत होती. अहवाल मागवावा असं तिला वाटलं नाही. प्रयोगशाळेत ती रोज मेंढीचा मेंदू हातात घ्यायची. त्यात डावं ते डावंच असायचं. बाबांनी एकच विचारलं होतं, बोलणं जाईल का? आणि तिनं उचलली जीभ लावली टाळ्याला. गाठ डावीकडे आहे, भाषा डावीकडेच असते, जाऊ शकतं.

बाबा भाजीबाजारात लिलाव पुकारत. त्यांचा आवाज चार गाळ्यांपलीकडे जाई, आणि घरातही तो त्याहून खाली येत नसे. त्यांनी ऑपरेशनला नाही म्हटलं. डॉक्टर समजावून थकले, की बोलण्याला धोका नाही. पण डॉक्टर परका, आणि पोरगी घरची. नातेवाईक "मेंदू शिकून करणार काय?" असं विचारत, तेव्हा छाती फुगवून उत्तर देणारा हाच एकटा माणूस होता. आज दुपारपर्यंत हो म्हटलं नाही तर ऑपरेशनची वेळ दुसऱ्या रोग्याला देणार होते. गाठ मात्र कुणासाठी थांबणार नव्हती.

तासाला सगळ्यांचे फोन मॅडमच्या टेबलावरच्या टोपलीत असत. ती उठली आणि टोपलीत हात घातला. मॅडमनी भुवया वर केल्या. "मी माझ्या बाबांना उलटं सांगितलंय," ती म्हणाली. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी स्वतःच दार उघडून दिलं.

बाहेरच्या अरुंद बोळात तिनं फोन लावला. शेजारच्या वर्गात कुणीतरी मोठ्यानं कविता वाचत होतं. पहिली रिंग पूर्ण वाजून गेली. आईनं फोन घेतला तो दुसऱ्यांदा लावल्यावर.

"अगं, आम्ही घरी निघालोच. पिशवी भरून झाली. गाडी येतेय."

"नका निघू. बाबांना दे."

बाबा आले ते नेहमीसारखे दणदणीत. "काय डॉक्टरीणबाई? तास बुडवलात वाटतं?"

"बाबा, मी चुकले. गाठ उजवीकडे आहे. फिल्म उलटी वाचायची असते, मला आत्ता कळलं."

पलीकडे वॉर्डात कुणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली. तिला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काल तू डावीकडे म्हणालीस," बाबा सावकाश म्हणाले. "अगदी ठामपणे म्हणालीस."

"हो."

"मग आजचं तरी खरं कशावरून?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार होतं. मॅडमनी सांगितलेलं सगळं ती पुन्हा घडाघडा म्हणू शकली असती, समोर उभा माणूस, त्याचा उजवा हात, सगळं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊन काय होतं ते ती कालपासून आजपर्यंत पुरेपूर शिकली होती. तिला रडू आवरेना.

"माझं खरं धरू नका, बाबा. मला अजून काही येत नाही. डॉक्टरांना परत बोलवा. त्यांना विचारा, आणि ते सांगतील तेच ऐका. माझ्यासाठी तेवढं करा."

वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायलाही न थांबणारा माणूस, आणि फोनमध्ये नुसती दवाखान्याची गजबज. तिनं फोन कानावर इतका दाबला की कान दुखला.

"बाबा? ऐकताय ना? बोला काहीतरी."

फोनची अदलाबदल झाल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "बोलावतो म्हणतायत डॉक्टरांना. ऑपरेशनची सही पण करतो म्हणतायत."

"मला ऐकू नाही आलं."

"मानेनंच म्हणाले गं," आई म्हणाली. "डोळे पुसतायत. शब्दच फुटत नाहीये त्यांना."