लाल ठिपका

कंपनीने तपासणीला पाठवलेलं सौर पॅनेल मी उलटं केलं. चौकटीखाली माझ्याच नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. गेल्या खेपेला संशय आला म्हणून लावलेला. म्हणजे पॅनेल तेच, लेबल तेवढं नवं. मी तडक साहेबांकडे गेले. “सर, हे पॅनेल आता आपल्याला नावानिशी ओळखतं. नमुना गोदामातून आपणच उचलायचा, असं मी मानकांच्या मसुद्यात लिहिलं होतं, तुम्ही खोडलंत.” “उचलायला माणसं आहेत खात्यात? पॅनेल पास होतंय ना? मग मारा शिक्का.” मी मारला. संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स आहे. “ताई, गेल्या महिन्यात छपरावर बसवलेली नवी पॅनेल्स भर उन्हात मान टाकतात. फ्रिज बंद पडून लसी वाया गेल्या. तुमचाच शिक्का आहे गं. तपासली होतीस ना?” “हो,” मी म्हटलं, “आमच्याकडचं पॅनेल उत्तम चालतं.”