पाळणा घासायचं मशीन

दुकानदारानं लाकूड घासायचं तिसरं मशीन केरबा सुतारांपुढे ठेवलं. त्यांनी ते उचलून बायकोच्या हातात दिलं.

"वहिनींना कशाला?" दुकानदारानं विचारलं.

"माझा हात थरथरतो. आता पाळणे हीच घासणार. तिच्या मुठीत बसेल असं द्या."

शेवंतानं ते एका तुकड्यावर चालवून पाहिलं. "हेच घेऊ," ती म्हणाली.

आजवर केरबांनी घासलेल्या प्रत्येक फळीवरून ती पदर फिरवायची. धागा अडकला की म्हणायची, "बाळाला टोचेल. परत घासा." केरबा चिडायचे, पण घासायचे.

घरी येऊन तिनं पहिली फळी घासली आणि नाकावरचा भुसा पुसला. केरबांनी थरथरत्या हातानं तिचा पदर धरून फळीवरून फिरवला. कडेला धागा अडकला.

"बाळाला टोचेल," ते मोठ्या समाधानानं म्हणाले.