एकमताने मंजूर

“लांगो भाषा तर आमच्या शेळीलाही कळते! त्यासाठी पोरांना शाळेत कशाला धाडायचं?”

ओकुल्लो गरजला तसे वर्गातले सगळे पालक हसले. पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन ते दाटीवाटीने बसले होते. ओकुल्लो पालकसभेचा चेअरमन. एकेकाळी राजधानीत, कंपालात ट्रक चालवून आलेला, म्हणून गावात त्याच्या शब्दाला वजन.

“सरकारचा नियम आहे, चेअरमनसाहेब,” अमोलोबाई म्हणाल्या. पहिलीचा वर्ग त्यांचा. “पहिली तीन वर्षं घरच्या भाषेत. पोरांना आधी कळायला नको का?”

“आणि नियम करणाऱ्या साहेबांची पोरं कुठल्या भाषेत शिकतात हो?”

सगळ्यांनी माना डोलावल्या.

“उद्यापासून पहिलीला इंग्रजी,” ओकुल्लोने बजावलं. “नाहीतर आमची पोरं शहरातल्या खासगी शाळेत. मग शिकवा रिकाम्या बाकांना!”

हेडमास्तर ओग्वाल खाली बघू लागले. निम्मी पोरं गेली असती तर शाळेला कुलूपच लागलं असतं. अमोलोबाई गोड हसल्या.

“बरं, तुमचंच खरं. पण मग उद्याची वाट कशाला? ही सभाच इंग्रजीत होऊ दे. काय चेअरमनसाहेब?”

“यस!” ओकुल्लो छाती फुगवून म्हणाला.

बाई इंग्रजीत बोलू लागल्या. सावकाश, हसतमुखाने. जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. शेजारी मान हलवायचा, म्हणून हाही हलवायचा. बोलता बोलता बाईंनी ओकुल्लोकडे हात केला, काहीतरी विचारलं आणि स्वतःचा हात वर केला. ओकुल्लोने ताडकन उठून दोन्ही हात वर केले.

“व्हेरी गुड! व्हेरी गुड!” तो ओरडला.

मग काय, सगळ्यांचेच हात वर. टाळ्यांचा कडकडाट. हेडमास्तरांना मात्र अचानक खोकल्याची उबळ आली. रुमालात तोंड खुपसून ते बाहेर पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच ओकुल्लोच्या अंगणात उभे. हातात दोरखंड.

“ठरावाप्रमाणे आलोय.”

“कसला ठराव?”

“म्हणजे काय! काल तुम्हीच उभं राहून कबूल केलंत. पोरांच्या जेवणाला तुमचा तांबडा बैल. एकमताने मंजूर.”

ओकुल्लोच्या तोंडचं पाणी पळालं. कुंपणापलीकडे शेजारी जमले होते. आपल्याला काही कळलं नव्हतं असं म्हणावं, तर बैल वाचत होता; पण अब्रू?

“अहो, काय म्हणतायत ते?” बायकोने चुलीपाशी बसूनच विचारलं.

“आठवतंय मला! मीच दिलाय,” तो तिच्यावर खेकसला आणि स्वतःच्या हाताने बैल सोडून दिला.

शनिवारी शाळेत जेवण झालं. नाचणीचा घट्ट गोळा आणि रस्सा. पोरं बोटं चाटत होती. ओकुल्लोला मानाची खुर्ची, पण तो नुसता रस्सा ढवळत बसला. तेवढ्यात पहिलीची पोरं समोर रांगेत उभी राहिली आणि त्याच्याकडे बघून इंग्रजीत गाणं म्हणू लागली. पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच हात करून.

त्याला दरदरून घाम फुटला. गाणं संपल्यावर त्याने नातीला, अतीमला, जवळ ओढलं.

“काय गं, आता काय देऊन टाकलं मी?”

“मला काय माहीत, आजोबा?” अतीम हाड चोखत म्हणाली. “बाईंनी पाठ करून घेतलंय. आमच्यात कुणालाच नाही कळत.”

ओकुल्लो तिच्याकडे बघतच राहिला. मग ताटली खाली ठेवून तो उठला आणि अमोलोबाईंच्या कानाशी वाकला.

“बाई, पहिलीला लांगोच ठेवा,” तो कुजबुजला. “आणि सभेलाही. घरी अजून एक गाय उरलीय माझी.”