दोन ताटं

"परत तीच बाई," मामा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

ऑफिसात त्यांना सगळे मामाच म्हणत. आईबाप आणि वयात आलेली मुलं यांची भांडणं निस्तरायची, हे त्यांचं काम. लोक घरबसल्या मोबाईलवरून लिहीत आणि इकडून समुपदेशक उत्तरं टाइप करत. नाव विचारायचं नाही, वय विचारायचं नाही, नातंसुद्धा समोरच्याने आपणहून सांगितलं तरच. मामांना विचारायची गरजही उरली नव्हती. दोन ओळी वाचल्या की त्यांच्या डोळ्यांसमोर अख्खं घर उभं राहायचं. या सेवेच्या नंबराचे स्टिकर त्यांनी ओळखीपाळखीत सगळीकडे वाटले होते. स्वतःच्या फ्रिजवरही एक लावला होता.

"कोण बाई?" शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीने विचारलं. ती अजून शिकत होती, त्यामुळे तिला सगळ्यांचंच वाईट वाटायचं.

"एकटी आई. घरात दोघंच, ती आणि पोरगा. असेल पंधरा-सोळाचा. या वयातले सगळे एकाच साच्यातून काढलेले असतात बघ."

पडद्यावर ओळी उमटल्या. 'कालही उशिरा आला. बूट दारातच भिरकावले. कुठे होतास विचारलं तर दमलोय म्हणाला आणि दार लावून घेतलं. मी जेवायची थांबले होते. सगळं ओट्यावर तसंच राहिलं.'

'मग तुम्ही काय केलंत?'

'दारावर थापा मारल्या. ओरडले. नको ते बोलले.'

मामांनी टेबलाखाली पाय ताणले. एक बूट इकडे पडला होता, एक तिकडे.

"तुमची लेक काय म्हणते, मामा?" नव्या मुलीने विचारलं.

"म्हणते कुठे? ओरडते. 'बाबा, तू माझं ऐकतच नाहीस.' अगं, दिवसभर ऐकण्याचाच पगार घेतो मी!"

ती हसली. मामा हसले नाहीत. बायको वारल्यापासून पोरीचं तोंड जे सुटलं होतं ते सुटलंच होतं. घरात पाऊल टाकायचा अवकाश, सरबत्ती सुरू. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून आलेल्या माणसाने घरी गेल्यावर तरी दोन घटका गप्प बसू नये का? त्यांना खरंच फार थकवा आला होता. झोपेने जाणारा थकवा नव्हे हा.

पडद्यावर पुन्हा अक्षरं आली. 'आता माझ्याच्याने होत नाही. वेगळं राहिलेलंच बरं. उद्या सकाळी तेच करायचं ठरवलंय.'

मामा सावरून बसले. अशा घरांचं पुढे काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. पोरगा नातेवाइकाकडे नाहीतर वसतिगृहात जातो, सणावाराला पाहुण्यासारखा येतो आणि मग तेही बंद होतं. एका रागाच्या सकाळी घर मोडतं, ते पुन्हा सांधत नाही. बाईला आज थोपवायलाच हवं होतं.

'ताई, उद्याचं उद्या बघू,' त्यांनी लिहिलं. 'आज एकदाच माझं ऐका. तो आला की कुठे होतास विचारायचं नाही. त्याच्या दाराशी जायचं नाही. दोन ताटं वाढून झाकून ठेवा. तुमचा फोन टेबलावर पालथा घाला. आणि एवढंच म्हणा: भांडायला नाही थांबले. तू घरी आलास की बरं वाटतं, म्हणून थांबले.'

मग कुणीतरी लिहितंय हे दाखवणारी टिंबं हलायला लागली, थांबली, पुन्हा हलली. मामा त्यांच्याकडे बघत राहिले.

शेवटी उत्तर आलं. 'तो तरीही दार लावून बसला तर?'

'तर सकाळी तुम्हाला हवं ते करा. पण मला नाही वाटत तो तसं करेल. असली माणसं दुष्ट नसतात, ताई. त्यांना फक्त घरी यायची भीती वाटत असते.'

'बरं,' एवढं उमटलं आणि पडदा शांत झाला.

"मस्त लिहिलंत," नवी मुलगी खुर्चीमागून वाचत म्हणाली. "पण मामा, तुमची पाळी केव्हाच संपलीय. घरी जा ना."

"जातो. पोरगी जेवूनखाऊन खोलीत गेली की जातो. उगाच तोंडाला तोंड नको."

त्यांनी आणखी एक चहा घेतला, कालचीच उत्तरं पुन्हा चाळली, आणि सफाईवाला दिवे बंद करायला आला तेव्हा नाइलाजाने उठले.

घराचं दार त्यांनी आवाज न करता उघडलं. बूट पायांनीच काढून उडवले. एक कशावर तरी आपटला. बघतात तर दाराशी पोरीची मोठी बॅग उभी. मावशीकडे जाताना भरायची ती. चेन ओढताना तुटेल इतकी गच्च भरलेली.

आता हे काय नवीन नाटक? मामांचं डोकं ठणकायला लागलं. स्वयंपाकघरात दिवा होता. म्हणजे जागी होती, आणि तयारीत होती. तिने तोंड उघडायच्या आत ते बोलून मोकळे झाले.

"दमलोय मी," म्हणाले आणि खोलीकडे वळले.

मागून ओरडणं आलं नाही. थापा नाहीत, कुठे होतास नाही. इतकं शांत, की त्यांनाच मागे वळून बघावं लागलं.

टेबलावर दोन ताटं वाढून झाकलेली होती. बाजूला पोरीचा मोबाईल पालथा घातलेला. आणि ती हात मांडीत घेऊन, पाठांतर आठवत असावं तशी बसली होती.

"भांडायला नाही थांबले, बाबा," ती म्हणाली. "तू घरी आलास की बरं वाटतं, म्हणून थांबले."