प्रोफेंचा शब्द

“स्पष्ट सांगा, प्रोफे,” नेरेइदा म्हणाली. “आमचा जोमार बास्केटबॉलवर पोट भरेल का?”

शाळेच्या जेवणघरातलं काम टाकून ती तशीच आली होती. तिच्या एप्रनला तुरीचे दाणे घातलेल्या भाताचा वास येत होता. पोन्से शहरातल्या तंत्रशाळेत जोमारला जागा मिळाली होती आणि हो की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. समोर पंधरा वर्षांचा जोमार एकटाच बास्केटमध्ये चेंडू टाकत होता. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की या दोघांचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं.

आनिबालना सगळे प्रोफे, म्हणजे मास्तर, म्हणत. हायूया गावातल्या त्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये ते वीस वर्षं पोरांना खेळ शिकवत होते. खोटी आशा लावून आपण एकाही पोराचं आयुष्य नासवलं नाही, याचा त्यांना अभिमान होता.

“नाही,” ते म्हणाले. “पोरगा गुणी आहे. पण पाय जड आहेत, आणि डावा हात नुसता लोंबतो. तंत्रशाळेत घाला त्याला. उद्या माझे आभार मानाल.”

नेरेइदा थोडा वेळ पोराकडे बघत राहिली. “बरं झालं सांगितलंत,” म्हणाली आणि भर पावसातच निघून गेली.

शुक्रवार गेला. सोमवारी पहाटे पाचला प्रोफे हॉल उघडायला आले, तर जोमार पायरीवर बसलेला.

“आजपासून मी रोज येणार, प्रोफे. तुम्ही सांगाल ते करीन.”

आईच्या जिवावर आलं असेल पोराला सांगायचं, असं प्रोफेंना वाटलं. आपणच सांगून टाकावं म्हणून त्यांनी दोनदा विषयही काढला. पण पोरगं इतक्या भरवशाने तोंडाकडे बघायचं, की ते भलतंच काहीतरी बोलून जायचे. मग त्यांनी दुसरी वाट धरली. याला इतकं राबवायचं, की आपणहून सोडून जाईल.

कॉफीच्या मळ्यांमधून वर जाणाऱ्या चढावर त्यांनी त्याला रोज पळवलं. उजवा हात कमरेच्या पट्ट्याला बांधून डाव्या हाताने चेंडू खेळवायला लावलं. जेवायचंसुद्धा डाव्या हाताने. रविवारी सगळं घर जमायचं, जोमारच्या शर्टावर सूप सांडायचं आणि मावसभाऊ विचारायचे, “लाळेरं बांधू का रे?” तो हसायचा आणि पुन्हा डाव्या हाताने चमचा उचलायचा.

“तुझ्यापेक्षा माझी गाय लवकर वळते,” प्रोफे खेकसायचे.

“तिला तुम्ही कधीपासून शिकवताय?” तो धापा टाकत विचारायचा. “मला तर आत्ता तीनच महिने झालेत.”

त्याच्याहून सरस पोरं होती तेव्हा. एक न्यूयॉर्कला काकाकडे गेला. एक प्रेमात पडला आणि सरावाला यायचाच थांबला. बाकीचे प्रोफेंनी आवाज चढवला की रुसायचे. जोमार मात्र बोलणी अशी ऐकून घ्यायचा, जणू त्या बोलण्यांमागचं काहीतरी त्याला आधीच ठाऊक आहे. सान हुआनच्या निवड चाचणीतून त्याला दोन वर्षं लागोपाठ पहिल्याच दिवशी परत पाठवलं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो पायरीवर हजर.

नेमकं कधी ते प्रोफेंनाही सांगता आलं नसतं, पण त्याला पिटाळायचं ते विसरले आणि शिकवायला लागले. थर्मासमध्ये दोघांपुरती कॉफी आणू लागले. त्या पहाटांची त्यांना पुढे फार आठवण यायची. ओल्या सिमेंटचा वास, डोंगरावरून आरवणारे कोंबडे, आणि रिकाम्या हॉलमध्ये एकाच चेंडूचा घुमणारा आवाज. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

सतराव्या वर्षी जोमार वीतभर वाढला. एकोणिसाव्या वर्षी दक्षिण किनाऱ्यावरच्या एका संघाने त्याच्याशी करार केला. पुढे तो चौदा हंगाम खेळला. निवृत्त झाला तेव्हा गावाने हॉलला त्याचं नाव द्यायचं ठरवलं.

त्या दुपारी हॉल माणसांनी भरून गेला होता. सत्तरी ओलांडलेल्या प्रोफेंना पहिल्या रांगेत नेरेइदाच्या शेजारी बसवलं होतं. जोमार दुखऱ्या गुडघ्यांनी सावकाश माइकपाशी आला.

“मी पंधरा वर्षांचा होतो,” तो म्हणाला. “एक दिवस आई भिजून घरी आली. म्हणाली, प्रोफे म्हणतात, हा पोरगा नक्की व्यावसायिक खेळाडू होणार, फक्त त्याने दम धरायला हवा. चाचणीतून दोनदा घरी पाठवलं मला. दोन्ही वेळा बसमध्ये मी रडलो. पण म्हटलं, प्रोफे कधी कुणाला खोटी आशा लावत नाहीत. त्यांच्या त्या एका वाक्यावर मी उभा राहिलो.”

सगळा हॉल प्रोफेंकडे वळून टाळ्या वाजवू लागला. त्यांचे कान तापले. ते उठले नाहीत. नेरेइदाकडे वाकून हळूच म्हणाले, “मी असं म्हणालो नव्हतो.”

“ठाऊक आहे मला.”

“मग स्वतःचं म्हणून सांगायचंत. माझं नाव का घेतलंत?”

नेरेइदा टाळ्या वाजवतच होती. पोरावरची नजर तिने काढली नाही.

“आईचं काय, प्रोफे, ती म्हणतेच,” ती म्हणाली. “त्याला खरं वाटायला हवं होतं.”